पहिलं बिल्ड? क्रोमियम नको, फायरफॉक्स घे
सोर्स कोडवरून स्वतः ब्राउझर तयार करायचा (म्हणजेच बिल्ड) असेल, तर साध्या लॅपटॉपवर क्रोमियमच्या (गूगल क्रोम ज्यावर बनतो, तो ब्राउझर) वाटेला जाऊ नकोस. त्याला किमान 100 जीबी मोकळी जागा लागते. फायरफॉक्सचं 40 जीबीत भागतं. 'माक बूटस्ट्रॅप' (mach bootstrap, फायरफॉक्सची तयारी करून देणारी कमांड) चालवल्यावर पर्याय विचारेल, तिथे डेस्कटॉपचा आर्टिफॅक्ट मोड निवड. सी प्लस प्लस आणि रस्ट या भाषांतला भाग तयार डाउनलोड होतो, त्यामुळे तासांचं काम मिनिटांवर येतं. मेख एकच: या मोडमध्ये सी प्लस प्लसची फाइल कितीही बदललीस तरी ब्राउझर ढिम्म! बदल जावास्क्रिप्ट, सीएसएसमध्येच कर. विंडोजवर फोल्डरच्या नावात स्पेस नको, बिल्ड अडकतं. मधेच वीज गेली (पुण्यातला गुरुवार लक्षात ठेव), तर बिल्ड करणारी 'माक बिल्ड' कमांड पुन्हा दे. झालेलं काम सहसा वाया जात नाही. 'माक क्लॉबर' अगदी शेवटी, त्याने आतापर्यंत झालेलं सगळं बिल्ड पुसलं जातं.