अमेरिकेत घरांचं होलसेलिंग नव्याने सुरू करणाऱ्याने व्हर्च्युअल असिस्टंट ठेवावा का?

तुम्ही लिहिलंय, ओहायोत होलसेलिंग (मालकाशी घर स्वस्तात घ्यायचा करार करून तो करार फी घेऊन दुसऱ्या गुंतवणूकदाराला देणं) सुरू करून दोन महिने झाले, एकही डील नाही, तर फोन करायला भारतातला व्हर्च्युअल असिस्टंट, म्हणजे दूरवरून ऑनलाइन काम करणारा मदतनीस (व्हीए), ठेवू का? मी दीड वर्ष तीच व्हीए होते. नाशिकला आतल्या खोलीत दार लावून रात्रभर ओहायोतल्याच क्लीव्हलँड शहरातल्या घरमालकांना फोन करायचे. सरळ सांगते, फोनसाठी इतक्यात कुणाला ठेवू नका.

माझा साहेबही तुमच्यासारखाच नवखा. एकदा पहाटे अडीचला, म्हणजे तिकडे संध्याकाळी पाचला, एक आजी लाइनवर आल्या. छत गळतंय, जिना चढवत नाही, मुलगा म्हणतो विकून टाक. आणि त्यांनीच विचारलं, "किती देणार?" माझ्या स्क्रिप्टमध्ये पुढची ओळ होती, "आमचे मॅनेजर तुम्हाला फोन करतील." मी शीटमध्ये त्यांचं नाव हिरवं केलं. मॅनेजर म्हणजे साहेबच. त्याने फोन केला नवव्या दिवशी, तोवर आजींनी दुसऱ्याबरोबर सही केली होती. वेळ नव्हता असं नाही. आकडा बोलायला तो घाबरत होता.

तसं गणित सोपं आहे. दुरुस्त करून घर 2,00,000 डॉलरला जाणार असेल तर त्याचे सत्तर टक्के, म्हणजे पुढच्या गुंतवणूकदाराला परवडेल असा ढोबळ आकडा, 1,40,000. त्यातून दुरुस्तीचे 35,000 आणि तुमची असाइनमेंट फी, म्हणजे करार पुढे देण्याचे पैसे, 10,000 काढा. मालकाला 95,000 च्या वर बोलायचं नाही. पण दुरुस्ती 35,000 ची की 60,000 ची, याचा अंदाज शंभरेक मालकांशी स्वतः बोलून आणि दहा-वीस घरं आतून बघूनच येतो. मी तर क्लीव्हलँडचं एकही छप्पर पाहिलेलं नाही, मी काय सांगणार?

शिवाय टीसीपीए, म्हणजे नको असलेल्या फोनपासून ग्राहकांना संरक्षण देणारा अमेरिकन कायदा, विसरू नका. 'डू नॉट कॉल' (विक्रीचे फोन नकोत असं नोंदवलेल्यांच्या) यादीतल्या नंबरांवर नियम मोडून फोन गेले, तर एकेका फोनमागे 500 डॉलरपर्यंत, जाणूनबुजून केले तर 1,500 पर्यंत भरपाई मागता येते. फोन नाशिकहून लागला तरी दावा तुमच्यावर.

मदत हवीच असेल तर आठवड्याला सात-आठ तास कुणीतरी घ्या. याद्या साफ करणं, स्किप ट्रेसिंग (मालकांचे फोन नंबर-पत्ते शोधून काढणं), सीआरएम (कुणाशी काय बोलणं झालं त्याची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) भरणं, एवढंच द्या. ते काम आम्ही खरंच चांगलं करतो, आणि तेही दिवसाउजेडी.

मी सोडलं तेव्हा त्या शीटमध्ये 41 नावं हिरवी होती. साहेबाचा फोन त्यातल्या सहाजणांनाच गेला होता.