सौम्य वर्गातच जा, आणि तिथे घाई करू नका

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. वय ५२. कॉलेजपासून पस्तिशीपर्यंत नियमित आसनं, एका दमात २४ सूर्यनमस्कार. मग मुलांच्या शाळा, सासूबाईंचं आजारपण, आणि सगळं सुटलं ते सुटलंच. आता इंदिरानगरात घराजवळ संध्याकाळचा सौम्य योगवर्ग सुरू झालाय, पण तिथे सगळी आजी-आजोबा मंडळी दिसतात. तेव्हा तिथे जावं, की घरीच व्हिडिओ लावून जुना क्रम धरावा, असं तुम्ही विचारलंय. गुडघा कुरकुरतो आणि डावा हात पूर्ण वर जात नाही, हे तुम्ही अगदी शेवटी जाता जाता लिहिलंय. मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, त्याकडे येतेच.

सौम्य वर्गातच जा आणि निदान तीन-चार महिने तिथून हलू नका. गंगापूर रोडला मी बरीच वर्षं असा वर्ग घेते. मला नवख्यांची फारशी काळजी वाटत नाही, परतून आलेल्यांची वाटते. नवखा माणूस भीतभीत वाकतो. परतलेल्याला मात्र आसन कुठवर जातं ते पाठ असतं आणि तो अंगाला थेट तिथेच न्यायला बघतो. स्नायूंची ताकद काही आठवड्यांत परतायला लागते. पण स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या कंडरा आणि सांध्यांतले अस्थिबंध यांचा रक्तपुरवठा मुळातच कमी, ते सावकाश तयार होतात. म्हणून घात होतो तो बहुतेक वेळा पहिल्या आठवड्यात होत नाही, थोडं पुढे होतो. अंग मोकळं वाटायला लागतं, हुरूप येतो, एखाद्या दिवशी जोर लावला जातो आणि कमरेत उसण भरते. नाहीतर मांडीच्या मागे, बसायच्या हाडाजवळ कळ धरते. ती कळ महिनोन् महिने पाठ सोडत नाही.

पश्चिमोत्तानासनच घ्या, म्हणजे पाय समोर लांब करून बसायचं आणि पुढे वाकायचं. पूर्वी तुमचं कपाळ गुडघ्याला टेकत असणार. आता चादरीची जाड घडी घालून तिच्या कडेवर बसा, म्हणजे ओटीपोट जरा पुढे कलतं आणि कमरेला बाक येत नाही. गुडघ्यांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा. तळपायांभोवती ओढणी टाकून तिची दोन्ही टोकं हातात धरा आणि छाती पुढे न्या, डोकं नव्हे. दोन बोटं पुढे गेलात की थांबा. श्वास अडकत नाहीये ना, दात आवळले जात नाहीयेत ना, एवढंच बघा. ताण मांडीच्या मधोमध, मांसल भागात जाणवला तर ठीक. गुडघ्याच्या मागे किंवा बसायच्या हाडापाशी जाणवला, तर मागे या. आणि वर येताना हात जमिनीवर टेकून या. दुखापत आसन सोडतानाही होऊ शकते, कारण तोवर लक्ष उडालेलं असतं. सौम्य वर्गाचं खरं शिक्षण मला इथे दिसतं. आसनात कसं शिरायचं आणि त्यातून कसं बाहेर यायचं हे तिथे सावकाश, पुन्हा पुन्हा करून घेतात. तरुणपणी आपण हे दोन्ही टप्पे ओलांडूनच गेलेलो असतो.

शवासनातून उठतानाही तसंच. सरळ उठून बसू नका. गुडघे दुमडा, उजव्या कुशीवर वळा, थोडं तसंच पडून राहा, मग डाव्या तळव्याने जमीन दाबत उठा, मान सगळ्यात शेवटी. बीपीची गोळी चालू असेल तर हे नक्कीच पाळा, नाहीतर चक्कर येते.

आजी-आजोबांचं म्हणाल, तर त्यांच्या शेजारी मॅट टाकायला संकोच वाटू देऊ नका. खुर्ची, पट्टा, लाकडी ठोकळा, लोड यांचा आधार घेऊन आसन करायची रीत पुण्यात अय्यंगार गुरुजींनी घडवली आणि ती जगभर गेली. आधाराने केलेलं आसन कमी प्रतीचं असतं हा समज मनातून काढून टाका. भिंतीला पाठ लावून केलेलं त्रिकोणासन करून बघा, पाच श्वासांत घाम फुटतो.

सूर्यनमस्कारांचा ओढा मी समजू शकते. आपल्या नाशिकला तर त्याचा अभिमानच आहे. टाकळीला समर्थ बारा वर्षं राहिले आणि रोज बाराशे नमस्कार घालत, अशी परंपरा आहे. पण तेव्हा ते कोवळ्या वयाचे होते आणि त्यामागे बारा वर्षांचं सातत्य होतं. तुम्ही महिनाभर नमस्कारांना हात लावू नका. मग खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून सुरुवात करा. पुढे जमिनीवर दोन, सावकाश, अष्टांग नमस्काराच्या वेळी आधी गुडघे टेकवून. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना गुडघा कालच्यापेक्षा जास्त बोलला, तर एक कमी करा. ही दुसऱ्या दिवशीची परीक्षा मी सगळ्यांना सांगते, कारण अंग गरम असताना दुखणं कळतच नाही.

या वयात हाडांचाही विचार हवा. पाळी गेल्यावर हाडांची घनता झपाट्याने उतरते. हाडं ठिसूळ झाली असतील तर पाठीला गोलाई देऊन खोल वाकणं आणि हलासन, म्हणजे उताणं झोपून पाय डोक्यामागे नेणं, धोक्याचं, मणका दबू शकतो. डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. बीपी जास्त असेल तर श्वास कोंडून धरू नका आणि कपालभाती नको. काचबिंदू असेल तर डोकं खाली, पाय वर असं काहीही नको.

घरी व्हिडिओ लावून आत्ताच करू नका. समोरच्या पडद्याकडे बघायला मान वळवावी लागते आणि तुमचा खांदा कानाशी चढलाय हे सांगायला कुणी नसतं. क्रम अंगवळणी पडला की घरी खुशाल करा.

शिक्षकांच्या बाबतीत नाशिककर नशीबवान आहेत. विश्वास मंडलिक सरांनी १९७८ साली इथे योग विद्या धाम सुरू केलं, त्र्यंबकजवळ तळवाड्याला गुरुकुल उभं राहिलं, २०१८ साली त्यांना योगासाठीचा पंतप्रधान पुरस्कार मिळाला. त्या परंपरेत तयार झालेले शिक्षक शहरात सहज भेटतात. तरी आधी एक दिवस नुसतं बसून वर्ग बघा. नव्या माणसाला बीपी, शुगर, जुनं ऑपरेशन यांबद्दल विचारतात का? शिक्षक फिरून बघतात, की पुढे बसून स्वतःचीच आसनं करतात? शवासनाला पुरेसा वेळ देतात का? वाकलेल्या माणसाच्या पाठीवर कुणी हाताने दाब देताना दिसलं, तर त्या वर्गात जाऊच नका, शिक्षकांचं नाव कितीही मोठं असो. जॉगिंग ट्रॅकवरचे, बागेतले मोफत वर्ग मला मनापासून आवडतात, पण तिथे गर्दी असते. ते नंतर.

तुमचा वर्ग संध्याकाळचा आहे हे फार बरं झालं. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची पहाट कशी असते ते तुम्हाला सांगायला नको. त्या गारठ्यात अंग आखडलेलं असतं, संध्याकाळपर्यंत घरकामाने, चालण्याने ते सैल झालेलं असतं. फक्त दुपारच्या जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्या. वर्गाआधी फारच भूक लागली तर एखादं केळं चालेल. शवासनाला पायमोजे आणि अंगावर शाल असू द्या.

आता डावा हात. हा मात्र वर्गात जाण्याआधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. हात वर जात नाही, पाठीमागे नेऊन हुक लावता येत नाही, रात्री त्या कुशीवर झोपवत नाही, असं असेल तर खांदा आखडलेला असू शकतो, ज्याला फ्रोझन शोल्डर म्हणतात. चाळिशी ते साठीच्या बायकांत तो बराच दिसतो. शुगर किंवा थायरॉइड असलेल्यांत आणखी जास्त, म्हणून रक्ताच्या त्या दोन्ही तपासण्याही करून घ्या. दुखरा काळ चालू असताना हात ओढून वर नेला की दुखणं वाढतं, आणि त्या अवस्थेत पर्वतासन, गोमुखासन, अधोमुख श्वानासन ही तिन्ही बंद ठेवावी लागतील. डॉक्टर काय म्हणाले ते इथेच लिहा, म्हणजे त्या आसनांच्या जागी काय करायचं ते मी एकेक करून सांगते.