गावातल्या बचतगटाच्या महिलांना डिजिटल प्रशिक्षण देताना सुरुवात कोणत्या ॲपपासून करावी?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या बायकांसाठी तीन दिवसांचं शिबिर घेताय, पहिल्या दिवशी कोणतं ॲप शिकवू, असं विचारलंय तुम्ही. ॲप राहू द्या. पहिल्या दिवशी प्रत्येकीला एवढंच विचारा, तुझ्या बँक खात्याला नंबर कोणाचा जोडलाय? निम्म्याजणी घरी फोन करून विचारतील.

मी वाळपईकडची. कोकमाची सोलं आणि आगळ करते. 2017 साली केंद्राची डिजिटल साक्षरतेची पीएमजीदिशा योजना आली, 20 तासांचा अभ्यासक्रम, पण घरटी एकच माणूस. आमच्या घरातून नाव गेलं धाकट्या दिराचं. मोबाईल त्याला आधीच येत होता, तरी तोच. मी म्हटलं, धंदा माझा, मी जाते. तर म्हणे, तुला एप्रिल-मेत वेळ कुठे असतो? वेळ नसतोच. भिंडं, म्हणजे कोकमाची फळं, फोडायची, सालं रसात आणि मिठात घोळवायची, उन्हात टाकायची, परत रसात, परत उन्हात. बोटं लाल-काळी होऊन चिरतात. पुढे एका शिबिरात सर म्हणाले, बोट ठेवून फोन उघडा. माझा उघडेना. साडीला पुसून पाहिलं, तरी नाही. मागच्या रांगेतल्या मुली हसल्या. त्याच शिबिरात दीड दिवस एक्सेल शिकवलं, तेही पडद्यावर.

असो. 2022 च्या मेमध्ये पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीची, खरेदी जोरात होती, मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बसत होते. दिराने हौसेने क्यूआर छापून, प्लास्टिकमध्ये घालून दिला. पहिल्याच गिऱ्हाइकाने स्कॅन करून दिराचं नाव मोठ्याने वाचलं, “हेच ना मावशी?” मी ऐटीत म्हटलं, हो, आमच्या घरचंच. चार शुक्रवार मी तेच म्हणत राहिले. टिंग वाजायचं त्याच्या खिशात, मी संध्याकाळी बसभाड्यासाठी गल्ल्यातली चिल्लर मोजायची. हिशेब मागितला तर म्हणाला, “वयनी, पयशे घरांतच आयले न्हय?” घरातच आले, हे खरं. त्यांतून त्याच्या स्कूटरचे टायर आले. सासूबाई म्हणाल्या, पैशावरून घर फोडू नको.

शेजारी हरमलची मिरची घेऊन बसणारी पेडण्याची बाई होती. तिच्या मिरचीला 2021 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, पण क्यूआर मुलाचा.

म्हणून सांगते, आधी स्वतःच्या नावाचं सिम, मग तो नंबर बँकेत. यूपीआय सुरू करताना फोनमधल्या सिमवरूनच बँकेला मेसेज जातो, त्यामुळे नंबर नवऱ्याचा असेल तर तुमचं अख्खं शिबिर त्याच्यासाठीच झालं समजा. क्यूआर स्वतःच स्कॅन करून नाव बघायला लावा. पैसे घेताना पिन लागत नाही, तो मागणारा चोर, हे दहादा वदवून घ्या. गिऱ्हाइकाने दाखवलेल्या स्क्रीनशॉटवर माल द्यायचा नाही. खातं बघायचं किंवा पैसे आले की बोलून सांगणारा डबा घ्यायचा. फसलीच तर लगेच 1930 ला फोन. व्हॉट्सॲप बिझनेसचा कॅटलॉग तिसऱ्या दिवशी दाखवा, आपल्या पाकिटांचे फोटो बायका तासाभरात चढवतात. पाकिटावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा खात्याचा, 14 आकडी नंबर नसेल तर ऑनलाइन विकायचं बोलूच नका. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंदणी, फुकट होते, ती करून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याला दारातूनच घालवा. रील्स, लोगो वगैरे नंतर कोणीही शिकवेल.

सगळेच दीर असे नसतात, हेही लिहायला हवं. आमच्या गटातल्या एकीचा नवरा तिच्या ऑर्डरी स्वतः नेऊन पोचवतो, पैसे तिच्याच खात्यात. आणि काही वाड्यांवर रेंजच नाही, तिथे माझं हे सगळं फोल आहे. तिथे काय करायचं ते रेंज असलेल्यांना विचारू नका.

माझा क्यूआर आता माझ्या नावाचा आहे. जुना मी टाकला नाही, सोलांच्या बरणीखाली ठेवलाय. त्या चार शुक्रवारांचा हिशेब अजून यायचा आहे, आणि दीर ही साइट वाचतो.