कॉइल व्हाइनसाठी हजार वॅटचा एसएमपीएस? थांबा जरा

पीसीतून किरकिर येते, काय करू, असं विचारणारी तुमची पोस्ट वाचून हसू आलं आणि जुना रागही वर आला. नवं आरटीएक्स ४०७० ग्राफिक्स कार्ड, रायझन ५ ७६०० प्रोसेसर, ६५० वॅटचा गोल्ड एसएमपीएस (पीसीला वीज देणारा पॉवर सप्लाय), गेमच्या मेनूत गेलं की कॅबिनेटमधून रातकिड्यासारखी किर्रर्र (यालाच कॉइल व्हाइन म्हणतात), आणि दुकानदार म्हणतो, "सप्लाय कमी पडतोय, हजार वॅटचा टाका." माझ्यावर हीच वेळ आली तेव्हा माझ्याकडे ३०७० कार्ड होतं. दुकानदाराचं वाक्य मात्र शब्दशः हेच.

आधी हिशेब करा. ४०७० चं रेटिंग २०० वॅट. ७६०० फार तर ८८ वॅट ओढतो. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे यांचे आणखी पन्नास-साठ धरा. झाले साडेतीनशे. सप्लाय खरंच कमी पडत असता तर पीसी ऐन गेममध्ये फटकन बंद पडला असता, नुसता किरकिरत बसला नसता.

आवाज येतो तो बहुतेक वेळा कार्डावरच्या चोकमधून, म्हणजे करंट सुरळीत करणाऱ्या तारेच्या गुंडाळीतून. मेनूत फ्रेम रेट (सेकंदाला कार्ड किती चित्रं काढतं) मोकाट सुटतो. सेकंदाला आठशे फ्रेम पडत असतील तर कार्डाचा करंट सेकंदाला आठशे वेळा वरखाली होतो आणि चोकची गुंडाळी त्याच लयीत थरथरते. आठशे हर्ट्झ म्हणजे कानाला चांगला टोचणारा सूर. म्हणून पहिलं काम फुकटातलं: एनव्हिडियाच्या सेटिंगमध्ये जाऊन मॅक्स फ्रेम रेट मॉनिटरच्या जरा खाली बांधा. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल तर १४०. मग आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ८०-८५ टक्क्यांवर आणून बघा. फ्रेममध्ये जेमतेम फरक पडतो, आवाजात बऱ्याचदा भरपूर पडतो. अंडरव्होल्ट (कार्डाला कमी व्होल्टेज देणं) जमत असेल तर आणखी उत्तम. ते कसं करायचं यावर ढीगभर व्हिडिओ आहेत, इथे लिहीत बसत नाही.

आता मुद्द्याचं. तुम्ही लिहिलंय की सर्व्हिस सेंटरला मेल टाकलाय आणि उत्तराची वाट बघताय. कृपा करून वाट बघू नका. मीही तिकीट टाकलं होतं. त्यांनी आधी व्हिडिओ मागितला, मग बिल, मग सिरियल नंबरचा फोटो, मग तोच फोटो पुन्हा "क्लिअर" हवा म्हणून. मधल्या काळात तिकिटावर एकच शेरा, "अंडर रिव्ह्यू". दुकानाची बदलून देण्याची मुदत संपली आणि नेमकं त्यानंतर उत्तर आलं: कार्ड आणून द्या. नेऊन दिलं. तिथल्या हॉलमध्ये दोन एसी घरघरत होते, फोन वाजत होते, काउंटरवर भांडणं चालू होती. कार्ड उघड्या टेबलावर लावलं, विंडोजचा डेस्कटॉप आणला, आणि "सर, आवाज तो नहीं आ रहा." अहो, डेस्कटॉपवर येईलच कसा? गेम लावा म्हटलं तर म्हणे परवानगी नाही. परत मिळालेल्या कागदावर "एनपीएफ", म्हणजे नो प्रॉब्लेम फाउंड. वर तोंडी पुस्ती, की आला तरी तो नॉर्मलच असतो.

आणि चीड आणणारी गोष्ट ही की त्यांचं शेवटचं वाक्य चूक नाही. कॉइल व्हाइनने कार्ड बिघडत नाही, आयुष्य कमी होत नाही, आणि बहुतेक कंपन्या त्याला वॉरंटीतला दोष मानतच नाहीत. म्हणून हे प्रकरण वॉरंटीचं नाहीच, ते दुकानाच्या बदलीच्या मुदतीचं आहे. तुमचं कार्ड गेल्या आठवड्यातलं आहे, तेव्हा बिल काढा आणि मुदत किती ते आत्ता बघा. "रात्रभर स्ट्रेस टेस्ट चालवा, आवाज बसतो" असंही कोणीतरी सांगेलच. कोणाचा बसलाही असेल, पण त्या भरवशावर मुदत घालवू नका. बदलून आलेलं कार्डही किरकिरू शकतं, हे मान्य करूनच पुढे जा. एकाच मॉडेलच्या दोन नगांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

दुकानात जाण्याआधी आवाज नक्की कुणाचा ते ठरवा. साइड पॅनेल काढा, जुन्या कॅलेंडरची बारीक सुरळी करा, एक टोक कानाला आणि दुसरं आधी कार्डाजवळ, मग एसएमपीएसच्या जाळीजवळ न्या. पंख्यात घालू नका. वेबपेज स्क्रोल करताना चिवचिव येत असेल तर मदरबोर्डही तपासा. आवाज फक्त हेडफोनमध्ये येत असेल तर तो कॉइल व्हाइन नव्हेच. पुढचा जॅक सोडून मागचा वापरा किंवा साधा यूएसबी डॅक (हेडफोनसाठीचं बाहेरचं साउंड कार्ड) घ्या.

घरी इन्व्हर्टर असेल तर आणखी एक. आमच्याकडे पुण्यात गुरुवारी लाइट गेली की एसएमपीएस वेगळाच गुणगुणायचा. स्वस्त इन्व्हर्टर किंवा यूपीएसची वेव्ह चौकोनी किंवा पायऱ्यापायऱ्यांची असते आणि अ‍ॅक्टिव्ह पीएफसीवाल्या (भिंतीतून करंट सुरळीत ओढणारं सर्किट असलेल्या) सप्लायला ती मानवत नाही. आवाज तेवढ्यापुरताच असेल तर कार्ड आणि सप्लाय दोघंही निर्दोष. प्युअर साइन वेव्हचा यूपीएस बघा.

सुरळीने एसएमपीएसच दोषी ठरला, तर मात्र तोच बदला. पण वॅट बघून नाही. ८० प्लस गोल्ड म्हणजे वीज किती वाया जात नाही याचा शिक्का. आवाजाशी त्याचा संबंध नाही. आवाजासाठी सायबेनेटिक्स या चाचणी संस्थेचं लॅम्डा रेटिंग बघा, तेही मुख्यतः पंख्याचं चित्र देतं, कॉइलची हमी नाही. माझं मत विचाराल तर ७५० वॅटचा, एटीएक्स ३.१ (सप्लायचं मानक) चा, दहा वर्षं वॉरंटीचा सप्लाय तुम्हाला पुढच्या कार्डालाही पुरेल. एटीएक्स ३.० पासून (२०२२) रेटिंगच्या दुप्पट उसळी १०० मायक्रोसेकंद सोसण्याची अट आली; खर्च करायचाच तर त्यासाठी करा. हजार वॅट ४०९० वाल्यांना लखलाभ. मी काही इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर नाही, तेव्हा एसएमपीएस उघडून चोकवर गोंद ओतण्याबद्दल विचारू नका. बंद केल्यावरही आत जिवावर बेतेल इतका चार्ज राहतो.

आणि सप्लाय बदललात तर जुन्याच्या मॉड्युलर (सप्लायपासून सुट्या होणाऱ्या) केबल तशाच ठेवून नवा जोडू नका. प्लग बसतो, पण एसएमपीएसकडच्या टोकाची पिनरचना प्रत्येकाची वेगळी असू शकते. पहिल्या बटणाला एसएसडी गेलेली मी पाहिली आहे.