पोटाची तक्रार नसताना मुलाला सिलिॲक असू शकतो का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा 11 वर्षांचा आहे, जुलाब नाहीत, पोट दुखत नाही. उंची मात्र दोन वर्षांत जेमतेम वाढली आणि हिमोग्लोबिन काही केल्या वर येत नाही. मग डॉक्टर सिलिॲकची, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे लहान आतडं झिजण्याच्या आजाराची, तपासणी का सांगतायत? अगदी हाच प्रश्न मी आमच्या डॉक्टरांना विचारला होता, तोही जरा चिडूनच. माझ्या मुलीचं निदान 12 व्या वर्षी झालं.

आपल्या डोक्यात चित्र असतं ते तान्ह्या वयातलं. गहू सुरू केल्यावर काही महिन्यांत बाळाचं वजन थांबतं, शी पातळ आणि फार घाण वासाची होते, पोट फुगलेलं, हातपाय काड्यांसारखे आणि दिवसभर किरकिर. हे खरंच आहे. पण मोठ्या मुलांमध्ये हा आजार बऱ्याचदा पोटाबाहेरच दिसतो. जुलाबांऐवजी बद्धकोष्ठताही असते. मूल हडकुळंच असेल असंही नाही, वजन जास्त असलेल्या मुलांनाही होतो.

आमच्याकडे सुरुवात रक्तापासून झाली. सहा महिने लोहाचं औषध दिलं, आकडा तिथेच. गहू, जव आणि राय (गव्हासारखं एक धान्य, मोहरी नव्हे) यांतल्या ग्लुटेनमुळे शरीर स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटतं आणि त्यावरचे बारीक अंकुर झिजतात. लोह शोषलं जातं आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात, आणि झीज सगळ्यात जास्त तिथेच. औषध पोटात जातं, रक्तात पोचतच नाही. हे कळलं तेव्हा 'गोळ्या नीट घेत नाहीस' म्हणून तिला किती बोलले होते ते आठवलं.

मग मागचं एकेक जुळत गेलं. तोंडात सतत येणारे छाले. समोरच्या पक्क्या दातांवर दोन्ही बाजूंना सारखेच खड्डे आणि डाग. ते दातांच्या डॉक्टरांनी आधीच दाखवले होते, ती ब्रश नीट करत नाही असं समजून आम्ही सोडून दिलं. वर्गातल्या मुलींची पाळी सुरू झाली तरी हिच्यात वयात येण्याची काही चिन्हंच नव्हती. थकवा आणि चिडचिड आम्ही वयाच्या खात्यावर टाकली. काही मुलांना कोपर, गुडघे किंवा कुल्ल्यांवर प्रचंड खाजणारे फोड येतात, काहींच्या यकृताच्या तपासणीत आकडे वाढलेले निघतात.

एक चूक मात्र करू नका, आम्ही केली होती. तपासणीआधीच गहू बंद करून पाहिला. ग्लुटेन थांबलं की रक्तातली प्रतिपिंडं (अँटिबॉडी, ज्यांवरून हा आजार ओळखतात) उतरायला लागतात आणि अहवाल फसवा येतो. आम्हाला परत काही आठवडे गहू खायला घालून सगळं नव्याने करावं लागलं, आणि ते दिवस तिला फार जड गेले.

रक्तात टीटीजी आयजीए नावाची प्रतिपिंडं बघतात. सोबत एकूण आयजीएही (रक्तातली या प्रकारची सगळी प्रतिपिंडं) करायला सांगा, कारण ते मुळातच कमी असलेल्या मुलांमध्ये पहिली चाचणी खोटी 'ठीक' दाखवते. टीटीजी कमाल मर्यादेच्या 10 पट किंवा त्याहून जास्त असेल आणि दुसऱ्या नमुन्यात ईएमए नावाची प्रतिपिंडंही सापडली, तर मुलांमध्ये एन्डोस्कोपी (तोंडावाटे दुर्बीण घालून तपासणी) टाळता येते. नाहीतर आतड्याचा तुकडा तपासावा लागतो.

घरात कुणाला सिलिॲक असेल किंवा मुलाला टाइप 1 मधुमेह, थायरॉइडचा स्वप्रतिकार (शरीर स्वतःवरच उलटण्याचा) आजार असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. आमच्या धाकट्याला काहीच त्रास नव्हता, तरी भावंड म्हणून तपासलं.

ग्लुटेन कायमचं बंद केल्यावर मुलीचं हिमोग्लोबिन काही महिन्यांत सुधारलं, उंचीला वेळ लागला. हाडांची टोकं जुळून आली की उंची भरून काढता येत नाही. तुमच्या मुलाकडे अजून वर्षं आहेत, म्हणून याच आठवड्यात रक्त द्या. तोवर गहू चालू राहू द्या.