रिमार्क आला म्हणून लेकीला गप्प करू नका

तुमची लेक वर्गात 'योनीला खाज येतेय' असं सरळ बोलली आणि डायरीत 'घरी भाषेकडे लक्ष द्या' असा रिमार्क आला, हे वाचलं आणि आमचंच घर दिसलं. कोथरूडमधली नावाजलेली प्री-प्रायमरी होती, नाव नाही घेत. आमच्या कन्येनेही असंच सांगितलेलं, तर मला ऑफिसात बोलावून 'एवढ्याशा मुलीला हे कुणी शिकवलं' याची चौकशी. मी शिकवलं, अजून कोण शिकवणार? पण खाज का येतेय हे एकीनेही विचारलं नाही! वर तिथल्या मावशी तिला 'शेम शेम' म्हणाल्या आणि पोरगी जी गप्प झाली ती घरीसुद्धा, शू करताना जळजळतंय हे सांगितलंच नाही, थेट ताप चढल्यावर युरिन इन्फेक्शन निघालं. लेखी तक्रार दिली तर पोच देईनात, 'बघतो' म्हणाले. अजून बघतायत.

असो. मी डॉक्टर नाही, आमच्या घरात जमलं तेवढंच सांगते. मुलींची मूत्रनलिका आखूड असते म्हणून पुढून मागे धुवायचं, शाळेत शू दाबून ठेवायची नाही, हे अंघोळ घालताना आपण सांगतोच ना, मग त्याच ओघात अवयवाचं नाव, तिथे कुणी हात लावायचा नाही आणि लावलाच तर आईला सांगायचं, हेही येतं. वेगळा क्लास लागत नाही. बाबा अंघोळ घालत असतील तर त्यांनी सांगावं, आमच्याकडे ते खातं माझं. 'बाळ कुठून येतं' याला आईच्या पोटातल्या गर्भाशयात वाढतं, एवढं चार वर्षांच्या पोराला पुरतं, पुढचं तो विचारेल तेव्हा. आणि मुलगा असेल तर आजी कितीही म्हणोत, शिश्नाची कातडी ओढून मागे करू नका, लहानपणी ती चिकटलेलीच असते.

आपण ज्या कर्वे रोडवर रोज अडकतो तो महर्षी धोंडो केशव कर्व्यांच्या नावाचा. त्यांच्या मुलाने, रघुनाथ धोंडो म्हणजे र. धों. कर्व्यांनी, १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून लैंगिक शिक्षणावर लिहिलं तर अश्लील म्हणून कोर्टात खेचलं, तेव्हा आंबेडकर त्यांचे वकील होते. आपल्याला नुसता लाल पेनाचा रिमार्क, त्याला काय घाबरायचं!

आधी लेकीची लघवी तपासून घ्या. मग त्याच पानावर लिहा, 'हे मी शिकवलंय, तिला त्रास होता तर मला फोन का नाही केला?' आणि डायरी परत द्यायच्या आत फोटो काढा. तक्रार मात्र ईमेलनेच करा, कागद हातात दिलात तर पोच विसरा.