एकट्याने प्रवास करताना एखाद्या शहरातली ग्रंथालयं आणि जुनी हस्तलिखितं कशी पाहावीत?

सुरुवात घरूनच करा, सूचीपासून. ‘जुनं काहीतरी दाखवा’ म्हणणाऱ्याला काचेच्या कपाटापर्यंतच जाता येतं. क्रमांक सांगणाऱ्याला पोथी टेबलावर मिळण्याची शक्यता असते. अनेक संग्रहांच्या वर्णनात्मक सूच्या छापलेल्या आहेत, काही ऑनलाइनही आहेत. त्यातून तीन-चारच हस्तलिखितं निवडा आणि नाव, क्रमांक, पानांची संख्या टिपून घ्या.

निदान दोन आठवडे आधी ईमेल करा. मूळ प्रत मिळेल की फक्त मायक्रोफिल्म (पानांचे बारीक फोटो असलेली फिल्म), हे स्पष्ट विचारा. सगळ्यात जास्त निराशा इथेच होते. स्कॅन झालेली प्रत सहसा बाहेर काढत नाहीत, कारण प्रत्येक हाताळणीत ती थोडी झिजते. ओळखपत्र कोणतं लागेल, शिफारसपत्र हवं का, साठा दुसऱ्या इमारतीत आहे का, फोटो काढू देतात का, हेही त्याच ईमेलमध्ये विचारून घ्या. पहिला दिवस वाचक-कार्ड आणि मागणीपत्रातच जाईल असं धरून चाला.

एकट्याची खरी अडचण बॅगेची. ती वाचनकक्षात नेता येत नाही आणि बाहेर सांभाळायला सोबत कोणी नसतं, म्हणून सामान मुक्कामी ठेवूनच जा. पेन, पाणी, खाऊ बाहेर. शिसपेन्सिल आणि वही आत.

हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा, क्रीम लावू नका. कागदी पोथीला सुती हातमोजे उलट घातक: स्पर्श कळत नाही आणि पानाची कड धाग्यात अडकून फाटते. (त्या ग्रंथालयाचा नियम वेगळा असेल तर अर्थातच तोच पाळा.) बोटाला थुंकी लावून पान उलटण्याची सवय असेल तर ती मोडाच. चुकलेला मजकूर झाकायला पोथ्यांत हरताळ फासत, आणि हरताळ म्हणजे आर्सेनिकचं संयुग. ताडपत्र वाकवलं की तडकतं, म्हणून दोन्ही हातांनी आडवं धरून दोरीवरून हळूच सरकवायचं. त्यावरची अक्षरं अनेकदा कोरलेली असतात आणि त्यांत काजळी भरलेली असते. काजळी उडून गेली असेल तर वरचा दिवा उपयोगाचा नाही, बाजूने तिरपा प्रकाश पडला की ती उठून दिसतात.

वेळ कमी असेल तर आधी शेवटचं पान पाहा. तिथल्या पुष्पिकेत, म्हणजे लेखनिकाने शेवटी केलेल्या नोंदीत, लेखनिक, गाव आणि काळ सापडू शकतो. शके असेल तर इसवी सनासाठी ७८ मिळवा, शकवर्षाच्या अखेरीच्या महिन्यांत, म्हणजे जानेवारी उजाडल्यानंतर, ७९. मात्र लगेच विश्वास ठेवू नका. काही लेखनिक समोरच्या जुन्या प्रतीची पुष्पिकाही जशीच्या तशी उतरवत, त्यामुळे काळ मूळ प्रतीचा आणि कागद बराच नंतरचा, असंही निघतं. म्हणून अक्षराचं वळण आणि कागद या दोन्हींशी तो काळ जुळतो का, हे ताडून पाहा.